क्लबचा इतिहास लिहायला घेतला आणि नेटबॉलपाशी अडलो

नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या विमेरा भागात आलो. गव्हाची शेती, धान्य साठवायची एक मोठी सायलो आणि एक फुटबॉल-नेटबॉल क्लब, एवढंच गाव. हिशेब जमतात म्हणून क्लबचं खजिनदारपद गळ्यात पडलं. मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबच्या फुटबॉल सामन्याला पेठा कशा पेटतात ते लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे शेजारच्या गावाशी इतकं हाडवैर का, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. क्लबचा इतिहास छापायचं ठरलं तेव्हा कामही माझ्याकडेच आलं.

फुटबॉलचा भाग सोपा गेला. इथला फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स: लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्हीकडे १८-१८ खेळाडू. त्याचे पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्नला लिहिले गेले. गावोगावची वर्तमानपत्रं पुढे स्कोअर छापत राहिली, आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर साधारण १९५४ पर्यंतचे बरेच अंक फुकट वाचता येतात. मजकूर यंत्राने वाचलेला असल्यामुळे आकडे बिघडलेले असतात, पण तिथे गणित उपयोगी पडतं. गोलला सहा गुण, बिहाइंडला (चेंडू गोलच्या बाजूच्या खांबामधून गेला तर) एक, आणि स्कोअर लिहितात तो आधी गोल, मग बिहाइंड, कंसात एकूण गुण. '१२.९ (८१)' मधल्या बाराचा नुसता एक झाला असेल, तर ८१ मधून ९ वजा करायचे, सहाने भागायचं, बारा परत मिळतात. चूक तिथल्या तिथे कुणालाही दुरुस्त करता येते. मला तर त्याचं व्यसनच लागलं. युद्धात गेलेल्या खेळाडूंची नावं हॉलमधल्या फलकावरून उतरवून ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या यादीशी ताडून घेतली.

नेटबॉलने, म्हणजे बास्केटबॉलसारख्या, इथे मुख्यतः बायका खेळतात त्या खेळाने, मात्र घाम काढला. दोन्ही खेळ एकाच दिवशी, एकाच आवारात होतात, तरी क्लबच्या भिंतीवरच्या जुन्या पाट्यांवर सगळे पुरुषच. ट्रोव्हवर 'नेटबॉल' टाकून फारसं काही मिळत नाही, कारण १९७० पर्यंत इथे त्याला 'विमेन्स बास्केटबॉल' म्हणत. तसं शोधलं तेव्हा चार ओळी सापडल्या: स्कोअर, आणि सामन्यानंतर चहापाणी कुणी केलं ते. लग्न झालेली खेळाडू असेल तर नवऱ्याच्या आद्याक्षरासह मिसेस अमुक. कोणत्या घरची सून ते कळतं, खेळली कोण ते नाही.

मग घरोघरी जाणं आलं. ऐंशी पार केलेल्या बायका, आणि इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. ते माझ्या तोंडी अजून बसलेलं नाही. 'इतिहास सांगा' म्हटलं की त्या फुटबॉलबद्दलच बोलायच्या. संघाचा जुना फोटो टेबलावर ठेवला की गाडी रुळावर यायची. कोर्टावर डांबर कधी पडलं, याची नोंद क्लबच्या इतिवृत्तात नव्हती. एकीने थोरल्या मुलाच्या जन्मावरून ते वर्ष सांगितलं. दुसरीने बिस्किटांच्या डब्यातून सामन्याची एक गुणपत्रिका काढून तिला तिथेच खोडून काढलं. असं काम कुणी करणार असेल तर सांगतो: कागद मालकाच्या घरातच स्कॅन करा, सोबत नेऊ नका, आणि पहिला प्रश्न माहेरच्या आडनावाचा विचारा.

समितीतल्या काहींचं म्हणणं, नेटबॉलचं एक वेगळं प्रकरण शेवटी जोडावं. मी नकार दिला. वर्षवार लिहायचं, त्या वर्षी दोन्ही संघांचं जे झालं ते शेजारी शेजारी. त्यामुळे काही वर्षं चमत्कारिक दिसतात: फुटबॉल संघ तळाला आणि नेटबॉलच्या मुली विजेत्या. ज्येष्ठ मंडळींना ते फार रुचलं नाही, पण आकडे त्यांच्यासमोर होते.

शेवटचा पेच नावांच्या सूचीचा. माहेरचं आडनाव आधी, नंतरचं कंसात, असं ठरवलं. एका बाईंची तीन आडनावं झालेली. कोणतं घालू म्हणून फोन केला, तर म्हणाल्या, "तिन्ही घाल. तिन्ही नावांनी खेळलेय मी."