भायखळ्याचा खर्ज

शनिवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळी मरीन ड्राइव्हला गेले होते. सूना महालच्या तळमजल्यावर हल्ली पिझ्झा मिळतो, पण एके काळी तिथे 'टॉक ऑफ द टाउन' नावाचा नाइटक्लब होता आणि उषा उथुप तिथे गात. तेव्हा त्या उषा अय्यर होत्या.

बाई जन्माने मुंबईकर. १९४७चा जन्म, तमिळ घर, वडील पोलिसात, शाळा भायखळ्याची सेंट अ‍ॅग्नेस. आवाज बाकीच्या मुलींत मिसळेना म्हणून गाण्याच्या तासाला त्यांना बाहेर काढलं होतं. गाण्याच्या शिक्षिकेनंच मग ओळखलं, की पोरीत लय आहे, आणि वाजवायला ट्रँगल हे धातूचं तालवाद्य हातात दिलं. त्यांनी रीतसर तालीम घेतली नाही. रेडिओ मात्र भरपूर ऐकला, त्यात किशोरीताई आमोणकरही होत्या.

१९६९ साली मद्रासच्या 'नाइन जेम्स' या नाइटक्लबमध्ये त्या साडी नेसून गायला उभ्या राहिल्या. मग मुंबई, कलकत्त्याचं 'ट्रिंकाज'. मला याचं फार मोल वाटतं. मैफलीला माणूस ऐकायलाच आलेला असतो. क्लबात तो जेवायला, प्यायला, गप्पा मारायला येतो. काटेचमचे वाजत असतात, निम्मे लोक पाठमोरे. त्यांच्या माना वळवायच्या, आणि दुसऱ्या रात्री नव्या गिऱ्हाइकांसमोर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही तालीम कुठल्याही घराण्याहून सोपी नाही. क्लबात गाणारी बाई म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दिल्लीच्या ओबेरॉयमध्ये देव आनंदनी त्यांना ऐकलं आणि सिनेमाचं दार उघडलं. 'हरि ओम हरि', 'रंबा हो' आमच्या पिढीला तोंडपाठ. पुढे बंगालमध्ये एका मंत्र्यांनी त्यांचं गाणं अपसंस्कृती ठरवून कार्यक्रमांना मज्जाव केला, तेव्हा त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. '७ खून माफ'मधल्या 'डार्लिंग' गाण्यासाठी रेखा भारद्वाजांबरोबर फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या ६४ वर्षांच्या होत्या. २०२४ला पद्मभूषण.

भाचीला यंदा गॅदरिंगच्या समूहगीतातून वगळलंय. आवाज जाड आहे म्हणे! पोर तेव्हापासून घरातसुद्धा गुणगुणत नाही. तिची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, हार्मोनियमची काळी एक, बरीच खालची. मुलींच्या नेहमीच्या काळी चारला तिचा गळा ताणला जाणारच. उद्या ती येतेय. हार्मोनियम काढून ठेवलीय. 'डार्लिंग' तिच्याच पट्टीत बसवून घेणार आहे, अगदी खालच्या सुरांसकट.