तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडी नक्की कशात केलीस?

लग्नाकार्यात हा प्रश्न ठरलेला. मी मल्टिमीडिया कम्युनिकेशन म्हणालो की समोरचा म्हणतो, अच्छा म्हणजे टीव्हीचं काहीतरी. बायकोच्या मामांनी तर सरळ सेट टॉप बॉक्सच पुढे ठेवला होता (झाला चालू, वायर सैल होती).

तर काम असं की फुल एचडी व्हिडिओ आहे तसाच पाठवायचा म्हटला तर 25 फ्रेम धरून सेकंदाला साधारण 155 एमबी होतात, एवढी लाइन बहुतेकांच्या घरात नाही, म्हणून डोळ्याला कळणार नाही ते आधीच फेकून द्यायचं. त्याच्या मुळाशी डीसीटी (डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म), म्हणजे चित्रातलं ठळक आणि बारीकसारीक वेगळं काढून देणारं गणित. नासिर अहमद, मूळचे बंगळूरचे, कॅन्ससला शिकवायचे, त्यांनी 1972 साली ह्या कल्पनेवर ग्रँट मागितली तर मिळाली नाही, फारच सोपं आहे म्हणे! 1974 ला पेपर आला आणि आज तुमच्या फोनमधला प्रत्येक जेपीजी फोटो त्याच्यावर चालतो. माझा पेपर रिजेक्ट झाला की मी हे आठवून घेतो, फक्त माझे पेपर बरेचदा खरंच कच्चे असायचे.

मी 2001 साली घुसलो ते पॅकेट गळण्याच्या भानगडीत (नेटवरून डेटा छोट्या तुकड्यांत जातो, तो एकेक तुकडा म्हणजे पॅकेट). मोबाइलवर व्हिडिओ जाताना मधलं पॅकेट हरवलं की चित्राला चौकोनी भोक पडतं, ते आजूबाजूचं आणि मागच्या फ्रेममधलं बघून भरायचं, रफू करतात ना तसं. त्यासाठी सगळ्या जगात फोरमन नावाची 10 सेकंदांची क्लिप वापरायचे, हेल्मेटवाला माणूस मान हलवत बोलतो आणि शेवटी कॅमेरा बांधकामाकडे वळतो. पाच वर्षं मी रोज त्याचा चेहरा रफू केला. तो काय बोलतो ते आजही माहीत नाही, आमच्या फाइलला आवाजच नव्हता.

आणि मग 2005 ला यूट्यूब आलं. हरवलेलं पॅकेट सरळ परत मागवायचं, तोवर गोल चक्र फिरत ठेवायचं. भोकच पडेना तर रफू कोण करून घेणार? थीसिस कपाटात गेला, मी शिकवायला लागलो, चिडचिड झाली नाही असं म्हणणार नाही.

2020 ला सगळं जग व्हिडिओ कॉलवर आलं आणि कॉलमध्ये परत मागवायला वेळच नसतो, आवाज 150 मिलिसेकंदांहून उशिरा पोचायला लागला की "तू बोल, नाही नाही तू बोल" सुरू. एका विद्यार्थ्याने विचारलं, सर जुना कोड आहे का? होता, सीडीवर. सीडी ड्राइव्ह मात्र अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये नव्हता.

त्याच वर्षी गणपतीत घरच्यांची आरती कॉलवर केली. पुणे, साताऱ्याची आई, न्यू जर्सीतला भाऊ, प्रत्येकाची टाळी वेगळी, एक घर "जय देव"वर तर दुसरं अजून "सुखकर्ता"वरच. आई म्हणाली, एवढा शिकलास ना, मग हे कर की नीट. मी आई सोडून सगळ्यांना म्यूट केलं.