घरपट्टी वाढली? आधी नमुना ८ बघा

कोकणात घरपट्टीवरून ओरड होते ती बहुधा गणपतीत, चाकरमानी आले की. पण आकडा ठरतो नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणून आधी त्याचा उतारा मागा. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर तपासा. जुनं चिरेबंदी कौलारू घर आरसीसी म्हणून चढलं, तर दर वाढतो. घराचं वय कमी लागलं की घसारा, म्हणजे जुनेपणाची सूट, कमी मिळतो. हरकत लेखीच द्या, पोच घ्या.

ग्रामपंचायतीच्या खर्चाला लगाम घालणं जास्त कठीण. ग्रामसभेत नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक, रोकडवहीशी ताडून बघा. पाखाडीचं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेचं, बिल असेल तर कामाची मापं लिहिलेलं मोजमाप पुस्तक मागा आणि टेप घेऊन जागेवर जा. वित्त आयोगाच्या निधीचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. तोंडी आरडाओरड्याला काडीची किंमत नाही. मुद्दा सभेच्या इतिवृत्तात लिहूनच घ्यावा.