बाईंनी जपून ठेवायला सांगितलेला प्रश्न

१९९३ साली, दहावीच्या वर्गात असताना, आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी चार दिवस उबवलेले कोंबडीचे अंडे अलगद फोडून काचेच्या बशीत घेतले. त्या इवल्याशा लाल ठिपक्याची धडधड पाहताना मी विचारले, की सगळ्या पेशींत जनुके तीच असतील, तर यांतल्या काहींचा पंख आणि काहींचा डोळा कसा होतो? "मला याचे उत्तर येत नाही, तू हा प्रश्न जपून ठेव," असे बाई म्हणाल्या. भरल्या वर्गासमोर असे सांगायला केवढे मन लागते, हे मी स्वतः शिकवू लागल्यावर मला कळले.

एम.एस्सी. करताना तो प्रश्न मला डॉ. मीना बिसेल यांच्या शोधनिबंधांत पुन्हा भेटला. १९४० साली तेहरानमध्ये जन्मलेल्या बिसेल शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या, हार्वर्डमधून पीएच.डी. झाल्या आणि १९७२ पासून बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधन करू लागल्या. कोंबडीत कर्करोगाची गाठ उत्पन्न करणारा राउस विषाणू त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने पिलाच्या गर्भाला टोचला, तेव्हा गाठ झाली नाही; मात्र त्याच गर्भातल्या पेशी सुट्या करून बशीत वाढवल्या, तेव्हा त्या कर्करोगाच्या पेशींसारख्या वागू लागल्या. १९८४ सालचा तो निबंध वाचताना माझ्या डोळ्यांसमोर शाळेतली ती बशी उभी राहिली.

पेशीभोवतीची प्रथिनांची जाळी म्हणजे नुसता आधार नव्हे, ती पेशीच्या केंद्रकापर्यंत संदेश पोहोचवते, हे बिसेल त्याआधीपासून मांडत होत्या, आणि सगळे लक्ष जनुकांकडे लागलेल्या त्या काळात ते फारसे कोणी मानत नव्हते. १९९७ साली त्यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी जेलीसारख्या माध्यमात वाढवल्या आणि त्या जाळीशी जोडणारा पेशीवरचा एक रेणू प्रतिपिंडाने अडवला, तेव्हा जनुकांतले दोष तसेच असूनही त्या पेशी निरोगी ऊतीसारख्या शिस्तीत गोलाकार रचल्या गेल्या. हा रुग्णावरचा उपचार नव्हता, हे सांगायलाच हवे. तरीही कर्करोगाकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या निबंधाने कायमची बदलली.

त्याची प्रत घेऊन मी बाईंच्या घरी गेले. दोन दिवसांनी त्यांनी ती परत केली, तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिले होते: "वयाबरोबर ही जाळी सैल पडते का?" वर्गात हा विषय शिकवताना मी अजूनही तीच प्रत वापरते.