ताईंचा वेळ कोणत्या रकान्यात लिहाल?

पीएचडीची तोंडी परीक्षा आटोपली की महिन्याभरात माझ्या विद्यार्थिनींचे फोन येतात. गेल्या आठवड्यात तर स्वारगेटला बसची वाट बघत असताना एकीने गाठून विचारलं, "मॅडम, पुढेही अंगणवाडी सेविकांवरच काम करायचंय. पैसे कोण देईल?"

हाच प्रश्न तुमचाही असेल, म्हणून आधी थेट उत्तर देते. पीएचडी चालू असेपर्यंत वाटा आहेत. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, असेल तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप महिना २०,००० ची. राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी आणि सारथी आपल्या पुण्यातच आहेत, महाज्योती नागपुरात. ज्या समाजघटकासाठी जी संस्था, तिथे अर्ज करता येतो. पदवी हातात पडली की मात्र वाट अरुंद होते. आयसीएसएसआरची दोन वर्षांची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आणि त्यांचे संशोधन प्रकल्प, एवढंच पटकन सांगता येतं. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. त्यात सामाजिक शास्त्रांना जागा आहे, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा सांधा जुळतो तिथे. सेविकेच्या कामाचा प्रश्न त्या सांध्यावर कसा मांडायचा, याचा विचार तुम्हालाच करावा लागेल. करून बघा, असंच मी म्हणेन.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. लहान मुलांच्या संशोधनाला पैसे मिळतात. मुलाचं वजन, उंची, त्याला किती रंग ओळखता येतात, हे मोजायला लोक तयार असतात. त्या मुलाला मांडीवर घेणारी बाई विषय झाली की हात आखडतो. पीएचडीनंतरचा माझा पहिला प्रस्ताव सेविकांच्या दिवसभराच्या कामावर होता. तो एका शेऱ्यासह परत आला: मुलांवर काय परिणाम होतो ते दाखवा. मी रडले होते. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आज देता येतं. अमेरिकेत १९८९ मध्ये पाच शहरांतल्या २२७ बालसंगोपन केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या बायकांचा पगार, त्यांचं नोकरी सोडून जाणं आणि मुलांना मिळणारी वागणूक ही एकाच धाग्यात बांधलेली आहेत, हे त्यात आकड्यांनी दिसलं. जिथे पगार कमी तिथे ताई टिकत नाही, आणि ताई टिकली नाही तर मुलाला दर काही महिन्यांनी नव्या माणसाची सवय करावी लागते. न्यूयॉर्कच्या फाउंडेशन फॉर चाइल्ड डेव्हलपमेंटने तर नव्या संशोधकांसाठीचा आपला कार्यक्रम याच कर्मचारीवर्गाच्या अभ्यासाकडे वळवला. तो पैसा तिथल्या संशोधकांसाठी होता. आपल्याकडे परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने तो दुसरीकडे वळवताही येत नाही. म्हणून त्या वाटेवर फार दिवस घालवू नका. तिथला प्रश्न मात्र जरूर उचला.

कारण तो आपलाच आहे. अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडमधल्या बालशिक्षणाच्या कामातून आला. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला आजही वेतन नाही, मानधन आहे. त्यातला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८ मध्ये सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनिसासाठी २,२५० ठरला. वर राज्य भर घालतं. ही पदं सरकारी नोकरीची नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. मधली सोळा वर्षं या बायकांनी काय केलं, कसं निभावलं, हे लिहून ठेवायला आपण कितीजण होतो? डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हाही त्यांच्या कामाच्या तासांबद्दल ठोस आकडे मागणाऱ्यांना मी थोडंच देऊ शकले.

त्या थोड्यातलं एक सांगते. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या एका ताईंना मी १४ दिवसांची वही दिली होती. कोणत्या वेळी काय केलं, एवढंच लिहायचं. आहारवाटप, गृहभेट, वजन, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची नोंद, लसीकरणाच्या दिवशी बायकांना बोलावणं. ताईंनी सगळं नेटकं लिहिलं. रोज रात्री साडेदहाच्या पुढे शेवटची ओळ असे: "मॅडमची वही, २० मिनिटं." चौदा दिवस. बिनपगारी कामाचा अभ्यास करायला गेलेली मी, त्या बिनपगारी कामात रोज वीस मिनिटांची भर घालत होते. आणि माझ्या अंदाजपत्रकात छपाई होती, प्रवास होता, ध्वनिमुद्रण उतरवून घेण्याचे पैसे होते. ताईंच्या वेळाचा रकाना नव्हता. मी त्यांच्याकडे गेले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, विचारतंय कोण आम्हाला? तुम्ही निदान विचारलंत." त्याने मला आणखीच वाईट वाटलं.

तेव्हापासून मी अंदाजपत्रक त्या रकान्यापासून सुरू करते. मुलाखतीचे तास गुणिले ताई, आणि त्या वेळात मुलं सांभाळायला कुणी बसणार असेल तर तिचेही पैसे. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीसाठी मी वेळापत्रकात तीन महिने धरते. कमी धरून मी दोनदा पस्तावले आहे.

आणि दुसरा रकाना तुमचा. पीएचडी झालेल्या माझ्या कितीतरी विद्यार्थिनी तासिका तत्त्वावर शिकवतात, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत. त्यातल्या एकीचा चांगला प्रस्ताव केवळ कायम नोकरी नाही म्हणून पुढे गेला नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मी पण मानधनावरच आहे की." अनुदान फक्त प्रवासाचं आणि कागदाचं असेल तर अशी मुलगी मुळशीच्या अंगणवाडीत दहा वाजता पोचणार कधी? नव्या संशोधकाला प्रकल्पाच्या पैशांतून स्वतःचा पगार घेता आला पाहिजे. जिथे नियम परवानगी देतात तिथे तो न लाजता लिहा. जिथे देत नाहीत तिथे तसं पत्र लिहा. मी सही करेन.

अर्ज तयार झाला की दाखवायला या. पहिलं पान मी नंतर वाचेन, आधी अंदाजपत्रक काढा.