जंगली की मोकाट?

शनिवारी पबमधल्या क्विझमध्ये आमचा एक गुण गेला. गुणाचं मला फारसं काही नाही, पण ज्या शब्दापायी तो गेला, तो शब्द तीन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहायला बसले.

प्राण्यांची फेरी होती. प्रश्न आला, ‘जगात सर्वांत जास्त जंगली उंट कोणत्या देशात आहेत?’ वेळ एक मिनिट आणि पेन माझ्या हातात.

प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोच आमच्या भूगोलवाल्याने कानाशी ‘ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रेलिया’ सुरू केलं. मी ‘ऑ’ काढला आणि डॉक्टरने कागदावर पंजाच ठेवला. (डॉक्टर म्हणजे गुराढोरांचा. आम्ही सगळे त्याला डॉक्टरच म्हणतो.)

“ऑस्ट्रेलियात एकही जंगली उंट नाही.”

“अरे, लाखांनी आहेत!”

“आहेत ना. पण ते मोकाट आहेत. जंगली नाहीत.”

“आता शब्दांचा कीस पाडत बसू नकोस, वेळ चाललाय,” बँकवाली म्हणाली.

माझं दिवसभराचं काम मुद्रितशोधनाचं. शब्दांचा कीस पाडायचेच मला पैसे मिळतात. त्यामुळे ‘मोकाट’ ऐकल्यावर माझा हात थांबला तो थांबलाच.

भूगोलवाल्याची बाजू अगदीच लेचीपेची नव्हती. ऑस्ट्रेलिया खंडात मुळात उंट नव्हताच. पहिला उंट तिथे 1840 साली जहाजातून उतरला. पुढे वाळवंटातून तारेचे खांब, लोकर, पाण्याची पिंपं वाहायला हजारोंनी उंट आणले गेले आणि त्यांच्याबरोबर अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतले उंटवालेही गेले. तिथे त्या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. आजही त्या वाळवंटातून जाणाऱ्या एका रेल्वेगाडीचं नाव त्यावरूनच ‘घान’ असं आहे. मग 1920च्या सुमाराला मोटारी आणि ट्रक आले, उंटांचं काम गेलं आणि कित्येक उंट सोडून दिले गेले. पाणी कमी, माणूस कमी, झुडपं भरपूर. ते वाढत गेले. भूगोलवाल्याचं म्हणणं एवढंच की रानात राहतो, कुणाचा नाही, तो जंगली.

डॉक्टर काही ऐकेना. एका मदारीचा उंट मूळ रानटी रूपात जगात कुठेच उरलेला नाही, सुमारे 2000 वर्षांपूर्वीच तो संपला, असं तो म्हणाला. आज जिथे जिथे एका मदारीचा उंट दिसतो, तिथे त्याच्या मागे कुठे ना कुठे माणसाच्या हातातली दोरी आहे. खरा जंगली उंट फक्त दोन मदारींचा आणि तोही फक्त चीन आणि मंगोलियात.

(मदार म्हणावं, वशिंड म्हणावं की कुबड, यावरही दहा सेकंद गेली. मी मदारच लिहिते. वशिंड मला बैलाला शोभतं आणि कुबड हा शब्द व्यंग असल्यासारखा वाटतो. चरबीचा एवढा मोठा साठा पाठीवर घेऊन जनावर चारा नसलेले दिवस काढतं, त्याला व्यंग कसं म्हणायचं? त्यात पाणी असतं असं बँकवालीला आजवर वाटत होतं, तेही त्याच दहा सेकंदांत निकालात निघालं.)

“मग लिही ना, चीन की मंगोलिया?” ती म्हणाली. डॉक्टर गप्प. दोन्ही देश मिळून हजाराच्या आसपासच उंट, सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे फिरणारे, कुठल्या देशात जास्त हे त्याला छातीठोकपणे सांगता येईना. शेवटच्या पाच सेकंदांत मी ‘ऑ’ खोडला आणि लिहिलं, ‘चीन / मंगोलिया’.

कार्डावर ‘ऑस्ट्रेलिया’ होतं. मध्ये तिरकी रेघ मारून दोन देश लिहिलेलं उत्तर तसंही धरत नाहीत. शून्य.

बाहेर पडल्यावर खरं भांडण सुरू झालं. भूगोलवाला चिडला होता. “क्विझमध्ये प्रश्न काढणाऱ्याच्या मनातलं उत्तर द्यायचं असतं, तुझ्या मनातलं नाही,” असं तो माझ्याकडे बघून म्हणाला, कारण पेन माझ्या हातात होतं. मला ते लागलं. पण प्रश्नात चुकीचा शब्द आहे हे दिसत असताना तो खरा धरून उत्तर लिहायला माझा हात खरंच वळत नाही.

मग बँकवालीने असा प्रश्न टाकला की डॉक्टरही क्षणभर थांबला. “ज्याच्या कित्येक पिढ्यांनी वेसण पाहिली नाही, तो अजून मोकाटच का? आणि तुमचे ते चीन-मंगोलियाच्या गोबी वाळवंटातले तरी कशावरून जंगली? तेही कुणाचे तरी सुटलेले असतील.”

ही शंका तिची एकटीची नाही. गोबीतल्या उंटांबद्दल अभ्यासकांमध्येही बराच काळ हाच वाद होता, की हे जुन्या तांड्यांतून निसटलेल्या पाळीव उंटांचे वंशज तर नाहीत? उलगडा झाला तो जनुकांवरून. पाळीव दोन मदारींच्या उंटापासून त्यांचा वंश सात ते पंधरा लाख वर्षांपूर्वी फुटला असा अंदाज आहे. माणसाने उंट पाळला तो गेल्या काही हजार वर्षांत. म्हणजे माणसाची दोरी येण्याच्या कितीतरी आधीच हे वेगळे झालेले होते. आता त्यांना ‘कॅमेलस फेरस’ ही स्वतंत्र जात धरतात.

डॉक्टरने रस्त्याच्या दिव्याखाली मोबाइलवर फोटो दाखवला. पाळीव उंटाचं ते जाड, लोंबतं, केसाळ अंग नाही. पाय काटकुळे, रंग वाळूचा, मदारी लहान आणि टोकदार, एकमेकींपासून सुट्या. कवटी चपटी, मंगोलियन भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थही ‘चपट्या डोक्याचा’ असाच आहे. चीनमध्ये तो लोप नूर या आटलेल्या खाऱ्या सरोवराच्या आसपास राहतो. 1964 ते 1996 या काळात चीनने आपल्या अणुचाचण्या त्याच भागात केल्या. माणसांना तिथे मज्जाव, त्यामुळे उंट टिकले. आणि तिथे पाणी कसलं? समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट झऱ्यांचं. हे उंट ते पितात.

फोटोतल्या उंटाने मान वाकवून ओठ त्या पाण्याला लावलेले होते आणि काठावर मिठाचा पांढरा थर दिसत होता. पुढचा-मागचा एकही उंट चित्रात नाही. आम्ही चौघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

मला खुपतंय ते हे. लाखांनी असलेल्या उंटांना ‘जंगली’ म्हटलं की वाचणारा निर्धास्त होतो, जंगली उंट भरपूर आहेत म्हणून. आणि जे खरोखर जंगली, नामशेष व्हायच्या अगदी काठावर आलेले, ते त्या एका शब्दाखाली दिसेनासे होतात. आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे. मोकाट म्हणताक्षणी कळतं की कधीतरी कुणीतरी दावं सोडलं होतं.

रविवारी मी क्विझ घेणाऱ्यांना कळवलं, ‘प्रश्नात जंगलीच्या जागी मोकाट करा, मग ऑस्ट्रेलिया हे उत्तर बरोबर ठरेल.’ त्यांनी कार्ड दुरुस्त करतो म्हणून सांगितलं. गुण दिला नाही, आणि मी मागितलाही नव्हता.

भूगोलवाल्याचा राग अजून गेलेला नाही. बँकवालीला मी काल तो फोटो पाठवला. तिने विचारलं, एकूण किती उरलेत म्हणालात? मी लिहिलं, हजाराच्या आसपास. बराच वेळ काही नाही. मग रात्री उशिरा तिचा मेसेज आला: ‘ठीक आहे, जंगली हा शब्द त्यांचा. पण ऑस्ट्रेलियातल्यांना कुणी विचारून नेलं नव्हतं आणि सांगून सोडलंही नव्हतं. त्यांच्यासाठी मोकाटपेक्षा बरा शब्द शोध.’

सकाळपासून शोधतेय.