सरासरीत लपलेली कपात

हिंगणघाट तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरची गुणवत्ता तपासण्याचे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा ते तयार करणाऱ्या संस्थेचा अहवाल आधीच टेबलावर होता. चाचण्यांनी जवळजवळ सगळा कोड तपासलेला, नोंदलेल्या त्रुटी मिटवलेल्या, पावती दोन सेकंदांत निघणारी. सॉफ्टवेअरची गुणवत्ता कशी मोजावी हे सांगणाऱ्या आयएसओ/आयईसी २५०१० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०११ सालच्या आवृत्तीतली आठही गुणवैशिष्ट्ये तक्त्यात हिरव्या रंगाने भरलेली होती. कंपनीची अडचण मात्र या तक्त्यात कुठेच बसत नव्हती. पहिल्या वेचणीचा माल घालून गेलेले शेतकरी दुसऱ्या वेचणीचा कापूस खाजगी व्यापाऱ्याला देत होते, आणि सॉफ्टवेअर घेतले होते ते नेमके त्यांना धरून ठेवण्यासाठी.

मी काट्याशेजारी जाऊन बसलो. ट्रॉली आली की ग्रेडर कापसात तीन-चार ठिकाणी ओलावामापक खुपसायचा, सरासरी मोठ्याने सांगायचा, ऑपरेटर ताई ती संगणकात भरायच्या आणि सवयीने शेजारच्या रजिस्टरातही निळ्या पेनाने लिहून ठेवायच्या. कंपनीचा नियम असा, की ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे जितका टक्का ओलावा जास्त तितका टक्का कपात, आणि १२ टक्क्यांहून जास्त असेल तर माल परत. दुपारी एका काकाजींनी पावती माझ्यापुढे धरली.

"मीटर दहा पॉइंट सहा दाखवते अन् पावतीवर अकरा येते. मंधातलं कोनी खाल्लं जी?"

कोणीच खाल्ले नव्हते. ओलाव्याचा रकाना पूर्णांकाचा होता, १०.६ भरले की संगणक बिनबोभाट ११ साठवत होता. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, त्याचा ०.४ टक्का म्हणजे ३२ रुपये ४४ पैसे, आणि काकाजींच्या १५ क्विंटलवर ४८६ रुपये ६० पैसे. त्यांच्या मागच्या ट्रॉलीचा ओलावा १०.४ होता, त्याचे १० झाले आणि तितकीच कपात कंपनीच्या अंगावर आली. १२.४ चा माल तर १२ म्हणून आत गेला.

सगळ्यात घातक गोष्ट ही, की वर-खाली होणारे हे फरक एकमेकांना खाऊन टाकत होते. महिन्याचा एकूण हिशेब रजिस्टराशी जवळपास जुळायचा, म्हणून कार्यालयात कोणाला शंका आली नाही. ज्याला जास्त मिळाले तो गप्प राहिला आणि ज्याला कमी मिळाले तो भांडत न बसता पुढच्या वेळी दुसरीकडे गेला.

फोनवर विकसकाने शांतपणे सांगितले, की कंपनीने सॉफ्टवेअरसाठी दिलेल्या मागणीपत्रात "ओलावा: पूर्णांक" असेच लिहिलेले आहे, त्यामुळे ही त्रुटी धरता येणार नाही. नियमाने त्याचे बरोबर होते, पण ज्या मानकाचा तक्ता त्याने हिरवा केला होता, त्यातच अचूकता म्हणजे गरजेइतक्या सूक्ष्मतेने योग्य उत्तर देणे अशी व्याख्या आहे, आणि ती गरज ठरते काट्यावर. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे संशोधक व्हिक्टर बेसिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ध्येय-प्रश्न-मापन ही पद्धत याच क्रमाने जाते: आधी ध्येय, त्यावरून प्रश्न, आणि शेवटी आकडा. इथे आकडे सोयीचे होते म्हणून आधी आले.

अहवालात मी दोन मापे पहिल्या पानावर घेतली: प्रत्येक पावतीवर मीटरप्रमाणे देय आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांतला फरक, अधिक-उणे चिन्ह सोडून, म्हणजे बेरजेत तो पुसला जाणार नाही, आणि पहिल्या वेचणीनंतर परत आलेल्या शेतकऱ्यांचे प्रमाण. रकान्यात दशांश आणणे हे त्या मानाने किरकोळ काम होते.

खरा वाद संचालकांच्या बैठकीत झाला. रजिस्टरामुळे जुन्या पावत्यांचा हिशेब नव्याने करता येत होता, पण ज्यांना जास्त पैसे गेले त्यांच्याकडून वसुली करावी, असा एका संचालकांचा आग्रह होता. मी विरोध केला. मागणीपत्र कंपनीचे होते, शेतकऱ्याचे नव्हते. बऱ्याच चर्चेनंतर कमी मिळालेल्यांच्या खात्यात फरक जमा करायचा आणि बाकीची रक्कम खरेदीखर्चात टाकायची, असे ठरले.